मेडिकलचं समर रिसर्च कुठे करायचं? बुलढाण्याच्या केसगळतीने दिलेलं उत्तर

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला माझ्या मावसबहिणीचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला. तीन स्क्रीनशॉट आणि खाली एकच ओळ: "दादा, यातलं कुठलं घेऊ? काही समजूनच नाही राहिलं."

ती बुलढाण्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या पहिल्या बॅचची. 2024 मध्ये महाराष्ट्रात दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, त्यातलं हे एक, 100 जागांचं. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. पहिली बॅच असण्याचा एक तोटा कुणी सांगत नाही: सीनियर नसतात. कुठला गाइड चांगला, कुठली स्कीम खरी, हे कँटीनमध्ये विचारायला कुणीच नाही. मग माणूस इन्स्टाग्रामला विचारतो, नाहीतर आयटीतल्या भावाला.

मी डॉक्टर नाही. खामगावचा, इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. पण तिच्या तीनपैकी दोन स्क्रीनशॉटची भाषा मला पाठ होती, कारण मी स्वतः एकदा त्यात फसलो होतो. त्यामुळे दोन-तीन रात्री बसून सगळं नीट शोधलं. तेच इथे मांडतोय. तुम्ही मेडिकलला असाल, किंवा घरात कुणी असेल, तर कामी येईल.

तीन स्क्रीनशॉट

पहिला: एका कंपनीची जाहिरात. चार आठवड्यांची ऑनलाइन 'रिसर्च फेलोशिप', 11,999 रुपये, शेवटी 'गॅरंटीड पब्लिकेशन'. अर्ली बर्ड डिस्काउंट फक्त आज रात्री बारापर्यंत.

दुसरा: एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या संस्थेत दोन महिने लॅबमध्ये 'ऑब्झर्व्हर' म्हणून बसायची संधी. मानधन नाही, राहण्या-खाण्याचा खर्च आपला. पण सर्टिफिकेटवर मोठं नाव.

तिसरा: आयसीएमआरच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपची, म्हणजे एसटीएसची माहिती. यात स्वतःच्याच कॉलेजात, तिथल्याच प्राध्यापकाच्या हाताखाली दोन महिन्यांचं काम करायचं असतं. ही स्कीम 1979 पासून चालू आहे. गेल्या काही फेऱ्यांत दोन महिन्यांसाठी 50 हजार रुपये मिळतात, पण रिपोर्ट मंजूर झाल्यावर, आधी नाही.

तिचा कल दुसऱ्याकडे होता, भीती पहिल्याची होती ("सगळे घेऊ राहिले, मी मागे पडीन") आणि तिसऱ्याबद्दल तिचं म्हणणं: "बुलढाण्यात काय रिसर्च करणार दादा?"

मला हा प्रश्न खटकला, कारण गेल्या काही वर्षांत देशभर गाजलेलं एक आरोग्य-कोडं बुलढाण्यातच घडलं होतं.

शेगाव तालुक्यात काय झालं होतं?

डिसेंबर 2024 च्या शेवटी आणि जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमधून एकच तक्रार यायला लागली. आधी डोकं खाजतं, मग केस हातात येतात आणि तीन-चार दिवसांत टक्कल. लहान मुलं, बायका, म्हातारी माणसं, सगळ्यांना. आकडा वाढत 18 गावांत 279 जणांपर्यंत गेला. लोकांनी डोकी भादरून घेतली. मुलामुलींना शाळा-कॉलेजात जायची लाज वाटू लागली, ठरत आलेली लग्नं अडली. गावातल्या टकल्या डोक्यांचे व्हिडिओ राज्यभर फिरले. तुम्हीही एखादा पाहिला असेल, कदाचित फॉरवर्डही केला असेल.

आधी शाम्पूवर संशय गेला, मग बुरशीवर, मग पाण्यावर. पाण्याचा संशय स्वाभाविक होता, कारण हा पूर्णा नदीचा खारपाणपट्टा. तपासणीत पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त सापडलेही. पण हे पाणी वर्षानुवर्षं तसंच आहे. मग केस याच डिसेंबरात का गेले? आयसीएमआरच्या टीम आल्या, रक्त, लघवी, केस, पाणी, धान्य यांचे नमुने गेले.

फेब्रुवारी 2025 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः गावांत जाऊन केलेल्या अभ्यासाचे आकडे मांडले. नमुने ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत तपासून घेतले होते. त्यांच्या मते बाधितांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या सुमारे 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट होतं. रेशनच्या गव्हात ते स्थानिक गव्हाच्या सुमारे 600 पट निघालं. हा गहू पंजाबातून आला होता, असं त्यांनी सांगितलं.

सेलेनियम हे शरीराला अगदी थोडं लागणारं मूलद्रव्य. जास्त झालं की केस आणि नखं जातात. ही गोष्ट वैद्यकशास्त्राला नवी नव्हती. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात 1960 च्या दशकात असंच झालं होतं. पंजाबातल्या होशियारपूर आणि नवांशहर जिल्ह्यांतल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हेही शास्त्रज्ञांना बऱ्याच आधीपासून माहीत होतं. शेगावच्या काही गावकऱ्यांची एप्रिल 2025 मध्ये नखंही गळायला लागली.

म्हणजे माहिती जगात होती. गावात पोचली नव्हती.

यात विद्यार्थ्याने काय केलं असतं?

मी बहिणीला हाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "सेलेनियम मोजायचं मशीन आमच्याकडे कुठे आहे?"

बरोबर. पण मशीनच्या आधीची एक पायरी असते, आणि तिला मशीन लागत नाही. 1854 मध्ये लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने मेलेल्या माणसांची घरं नकाशावर मांडली आणि ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपावर बोट ठेवलं. कॉलऱ्याचा जंतू तेव्हा कुणी मान्यही केला नव्हता.

शेगावात तेच असं झालं असतं. केस गेलेली 40 माणसं घ्या. त्याच गल्लीतली, त्याच वयाची, केस शाबूत असलेली 40 घ्या. दोघांना तेच प्रश्न विचारा: पाणी कुठलं? शाम्पू कुठला? गहू घरचा की रेशनचा? रेशनचा असेल तर कुठल्या महिन्यापासून? समजा केस गेलेल्यांपैकी 36 जण नवा रेशनचा गहू खात होते आणि न गेलेल्यांपैकी फक्त 12, आणि पाणी मात्र सगळ्यांचं एकच. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत. पण असं चित्र दिसलं तर संशय पाण्यावरून गव्हाकडे वळतो, आणि मग लॅबला काय मोजायचं ते सांगता येतं. याला केस-कंट्रोल स्टडी म्हणतात. एसटीएसच्या दोन महिन्यांत बसणारा हा प्रकार आहे.

आमच्या धंद्यातही असंच असतं. सर्व्हर पडला की नवखा माणूस सगळं रिस्टार्ट करत सुटतो. अनुभवी माणूस आधी विचारतो: कुणाचं बंद पडलं, कुणाचं चालू आहे, आणि दोघांत फरक काय?

मोठं नाव की जवळचा प्रश्न?

इथे उलट बाजूही मांडतो. दुसरा स्क्रीनशॉट, म्हणजे मोठी संस्था, फालतू नव्हता. कुणाला जनुकांवर किंवा कॅन्सरच्या पेशींवर काम करायचं असेल तर ती यंत्रं जिल्ह्यात मिळणार नाहीत, जावंच लागेल. मोठ्या ठिकाणी शिस्त दिसते, वाचणारी-भांडणारी माणसं भेटतात. डॉ. अभय आणि राणी बंग हेसुद्धा अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन शिकले.

पण ते पद्धत शिकायला गेले आणि प्रश्न शोधायला गडचिरोलीला आले. 1989 मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा जो अभ्यास छापला गेला तो फक्त दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांचा होता, आणि त्यातल्या 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. हा आकडा मोठ्या हॉस्पिटलात बसून सापडलाच नसता, कारण त्या बायका हॉस्पिटलात येतच नव्हत्या.

बावस्करांचंही तेच. मूळचे जालना जिल्ह्यातले, शिकले नागपूरला, आणि 1970 च्या दशकात रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाने माणसं मरत होती. त्यांनी रात्र-रात्र पेशंटजवळ बसून लक्षणं टिपली. 1982 मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन या ब्लडप्रेशरच्या स्वस्त गोळीचा उपयोग त्यांनी दाखवला आणि विंचूदंशाचे मृत्यू झपाट्याने खाली आले. 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. शेगावला जाणारे बावस्कर ते हेच.

मग निवडायचं कसं? माझ्या मते एकच कसोटी आहे: दोन महिन्यांत प्रश्नापासून उत्तरापर्यंतची सगळी साखळी तुमच्या हातून जाणार आहे का? प्रश्न ठरवणं, परवानगी घेणं, माहिती गोळा करणं, तिच्यातल्या चुका काढणं, निष्कर्ष लिहिणं. ऑब्झर्व्हर म्हणून गेलात तर या साखळीतली एखादी कडी लांबून दिसेल. पैसे भरून घेतलेल्या फेलोशिपमध्ये तर साखळीच नसते, फक्त शेवटचा कागद असतो.

मी हे अनुभवावरून बोलतोय. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात मी एका कंपनीला पैसे देऊन 'मशीन लर्निंग इंटर्नशिप' घेतली. तयार कोड दिला, सर्टिफिकेट दिलं. पुढे मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, "हा डेटा कुठून आला होता?" मला सांगता आलं नाही. त्या पुढे काही बोलल्या नाहीत, शांतपणे पान उलटलं. वडिलांनी सोयाबीन विकून दिलेले पैसे होते ते.

फोनवरून दहा मिनिटांत तपासा

कुठलीही संधी आली की मी बहिणीला या गोष्टी करायला सांगितल्या:

1. 'गॅरंटीड पब्लिकेशन' दिसलं की थांबा. संशोधन छापायचं की नाही हे जर्नल ठरवतं, तेही तज्ज्ञांना दाखवून. निकाल येण्याआधी गॅरंटी कोण देतो? पैसे घेऊन काहीही छापणारं जर्नल, किंवा दुसऱ्याच्या पेपरवर तुमचं नाव चिकटवणारा दलाल. मेडिकल जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखक ठरवायचे चार निकष आहेत: कामात खरा वाटा, लिहिण्यात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि पूर्ण कामाची जबाबदारी. चारही लागतात. 11,999 रुपये हा पाचवा निकष नाही.

2. गाइडचं नाव पबमेडवर टाका. पबमेड मोफत आहे. आडनाव, आद्याक्षरं आणि शहर टाका, नाहीतर एकाच आडनावाचे शंभर डॉक्टर येतील. गेल्या पाच वर्षांत काही छापलंय का? पहिल्या लेखकांत विद्यार्थी दिसतात का? दिसले तर हे सर किंवा मॅडम विद्यार्थ्यांना श्रेय देतात. आणि नाव सापडलं नाही म्हणून गाइड वाईट असंही नाही. मग प्रत्यक्ष भेटून ठरवा.

3. वेबसाइटचं शेपूट बघा. 'जीओव्ही डॉट इन', 'एनआयसी डॉट इन' किंवा 'एसी डॉट इन' कुणालाही विकत मिळत नाही. 'डॉट कॉम', 'डॉट ओआरजी' आणि 'डॉट ओआरजी डॉट इन' मात्र कुणीही घेऊ शकतो. एसटीएससाठी नेहमी आयसीएमआरच्या मूळ साइटपासून सुरुवात करा आणि तिथल्याच लिंकने पुढे जा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली लिंक उघडू नका. फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागणारा भेटला तर नंबर ब्लॉक करा.

4. गाइडला एक छोटा ईमेल करा आणि उत्तराची वाट बघा. चार ओळींत प्रश्न, आणि त्यात मला काय करायचंय ते. आठवड्याने एक आठवण. दोनदा लिहून उत्तर नाही आलं तर दुसऱ्या विभागात जा. जो माणूस आज उत्तर देत नाही तो तुमचा रिपोर्ट वेळेत तपासेल अशी आशा ठेवू नका. मोठ्या संस्थेलाही हाच नियम लावा.

लोकांची माहिती, तुमचा फोन

गावात काम करणार असाल तर हा भाग वगळू नका. माणसांवरचं कुठलंही संशोधन सुरू करण्याआधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते. गाडी काढून, गूगल फॉर्म घेऊन गावात शिरणं म्हणजे संशोधन नव्हे.

माहिती भरायला कोबोकलेक्ट हे मोफत अ‍ॅप चांगलं आहे. प्रश्न मराठीत टाकता येतात आणि नेटवर्क नसलं तरी चालतं. रेंज आली की डेटा वर जातो. शेगाव-संग्रामपूरच्या आतल्या गावांत हे लागेलच.

पेशंटचे फोटो काढले आणि फोनचा ऑटो बॅकअप चालू असेल तर ते फोटो तुमच्या खासगी क्लाउडवर गेले समजा. आधी तो बंद करा. फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणही लपलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ते निघून जातं, पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तसंच पुढे जातं.

आणि नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं नाही. 'स्त्री, वय 41, अमुक गाव, अंगणवाडी सेविका' एवढं लिहिलं की गावातलं शेंबडं पोरही नाव सांगेल. म्हणून गावाला कोड द्या, वयाचे गट करा (40 ते 49), आणि कोड कुणाचा याची यादी वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये गाइडकडे ठेवा. शेगावच्या लोकांनी केसांबरोबर अब्रूही गमावली, ती व्हिडिओंमुळे. संशोधनाने त्यात भर घालू नये.

बुलढाण्यात काय रिसर्च करणार?

बहिणीच्या या प्रश्नावर आम्ही दोघांनी फोनवर यादी केली. खारपाणपट्ट्यातल्या गावांतून किडनीच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं येतात: पेशंट कुठलं पाणी, किती वर्षं प्यायले? समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून 25 जण गेले: आज तिथे अपघाताच्या फोनपासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत किती मिनिटं लागतात? फवारणीच्या हंगामात विषबाधेचे किती पेशंट येतात, आणि त्यांतल्या किती जणांनी हातमोजे घातले होते? केस गेलेल्या बायकांनी आधी कुणाला दाखवलं: डॉक्टरला, मेडिकलवाल्याला की यूट्यूबला?

यातला एकही प्रश्न दिल्लीच्या लॅबमधून दिसत नाही. आणि यातल्या कशालाही कोटीचं मशीन लागत नाही.

तिने शेवटचा प्रश्न उचलला. पहिली जाहिरात डिलीट केली. मोठ्या संस्थेचा पर्याय पूर्ण सोडला नाही. इंटर्नशिपनंतर बघू म्हणाली, आणि ते मला पटलं. कम्युनिटी मेडिसिनच्या मॅडमना चार ओळींचा मेल केला. पाच दिवस काही नाही. मग आठवण पाठवली. सहाव्या दिवशी तिने मला स्क्रीनशॉट टाकला, या वेळी एकच: "सोमवारी 3 वाजता भेट. प्रश्न एका पानात लिहून आण. शेगावची गावं मीही पाहिली आहेत."

खाली तिची ओळ: "दादा, एक पान लिहू राहिले. वाचून दे."

मी वाचलं. पहिल्याच ओळीत तिने गावाचं नाव लिहिलं होतं. मी तिथे कोड टाकायला सांगितला.